कुरडया आणि द्रोणीय रेषा

चैत्रातला हवामानाचा अंदाज महाराष्ट्रात कुणी हवामान कळावं म्हणून वाचत नाही. आपलं ठरलेलं काम आभाळ बिघडवणार की नाही, एवढंच त्यात शोधायचं असतं. जूनमध्ये असं नसतं. तेव्हा सगळ्या राज्याला एकच गोष्ट हवी असते आणि ती कधी येणार एवढाच प्रश्न असतो. डिसेंबरात तर अंदाज कुणी विचारतही नाही. थंडी पडली तर स्वेटर निघतो, नाही पडली तर ‘आता पूर्वीची थंडी राहिली नाही’ हे वाक्य निघतं. पण मार्च सरतो, गुढी उतरते आणि प्रत्येक घराचं आभाळाकडे वेगळं मागणं सुरू होतं. वाळवण घालणाऱ्या घराला खणखणीत ऊन हवं. देवगडच्या बागायतदाराला ऊन हवं, पण कैरी भाजेल इतकं नको. तासगावच्या बेदाणा शेडला कोरडा वारा हवा, आणि लग्नाच्या मंडपवाल्याला वारा अजिबातच नको. कुलर विकणाऱ्याला उकाडा हवा. यंदा कुलर घ्यायचा की नाही यावर ज्याच्या घरात वाद चालू आहे त्या नवऱ्याला आणखी आठ दिवस गारवा हवा.

या सगळ्यांना मिळून हवामान खातं एकच कागद काढतं.

कागदाची भाषा वर्षानुवर्षं साधारण ठरलेली आहे. कोकण-गोव्यात हवामान उष्ण व दमट राहण्याची शक्यता. मध्य महाराष्ट्र व मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह विजांचा कडकडाट, हलका ते मध्यम पाऊस आणि सोसाट्याचा वारा, ताशी ३० ते ४० किलोमीटर, वाहण्याची शक्यता. विदर्भात कमाल तापमानात हळूहळू २ ते ३ अंशांची वाढ. यात ‘शक्यता’ हा शब्द इतक्या वेळा येतो की वाचणारे तो वगळूनच वाचतात, आणि पाऊस आला नाही की खात्याने ‘वचन मोडलं’ म्हणतात.

खात्याच्या नकाशात महाराष्ट्राचे चार तुकडे आहेत: गोव्यासह कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. यातला मध्य महाराष्ट्र मुळातून पाहण्यासारखा आहे. वर सातपुड्याच्या कुशीतलं नंदुरबार, खाली कर्नाटकच्या वेशीवरचं कोल्हापूर आणि मधले आठ, असे दहा जिल्हे त्यात येतात. जळगावही त्यात, महाबळेश्वरही त्यात. एप्रिलमध्ये जळगावात माणसं ओला पंचा डोक्याला गुंडाळून सावलीसावलीने चालत असतात, त्याच संध्याकाळी महाबळेश्वरच्या बाजारात कुणीतरी शालीचा भाव करत असतं, आणि ‘मध्य महाराष्ट्रात तापमानात फारसा बदल नाही’ हे दोघांनाही तंतोतंत लागू पडतं. कोल्हापूरकराला तर आपण कशाच्या मध्यावर आहोत हे आजवर पटलेलं नाही. त्याचा प्रश्न साधा असतो: ‘ते राहू दे. वळीव येणार का न्हाई, तेवढं सांगा की!’

तेवढंच तर सांगता येत नाही.

आमच्या इमारतीत या कागदाच्या सर्वांत गंभीर वाचक म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या काकू. काकूंना हवामानशास्त्राची गोडी नाही. त्यांना कुरडया घालायच्या असतात. आणि कुरडई हा पदार्थ किती दूरदृष्टीने करावा लागतो, याची कल्पना फक्त खाणाऱ्यांना येणार नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा, सोऱ्यातून पाडायचा आणि पुढे दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायचा. म्हणजे गहू पाण्यात टाकण्याच्या क्षणी काकूंना पाच-सहा दिवसांपुढचं आभाळ कळलेलं हवं. जगातल्या मोठमोठ्या संगणकांना हीच मुदत जरा अवघड जाते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘अर्क’ नावाचा महासंगणक आहे, २०२४ साली त्याचं लोकार्पण झालं. २०२५च्या मे महिन्यात त्याच संस्थेत घडलेली सहा किलोमीटरच्या चौकटीतून अंदाज बांधणारी नवी प्रणालीही सुरू झाली. सहा किलोमीटर म्हणजे पूर्वीच्या मानाने फार बारीक नजर. काकूंची गच्ची मात्र चाळीस फूट बाय पंचवीस आहे.

‘तुरळक म्हणजे आपण नाही ना रे?’ काकू दरवर्षी विचारतात.

तुरळकचा हिशोब खात्याकडे पक्का आहे. एखाद्या विभागातल्या जेवढ्या केंद्रांवर पाऊस मोजतात, त्यांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर किमान अडीच मिलिमीटर पाऊस पडला की ते ‘तुरळक ठिकाणी’. निम्म्यापर्यंत गेला तर ‘काही ठिकाणी’, त्यापुढे ‘बऱ्याच ठिकाणी’, आणि तीन चतुर्थांशाच्या वर गेला तर ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे शंभरांतल्या दहा केंद्रांवर पाऊस कोसळला आणि नव्वद कोरडी राहिली, तर अंदाज शंभर टक्के बरोबर. पण नव्वद कोरड्या गावांतले लोक म्हणतात, ‘कुठे आला पाऊस? उगाच घाबरवतात,’ आणि दहा भिजलेल्या गावांतले म्हणतात, ‘तुरळक म्हणाले होते, इथं तर धो धो आला!’ खात्यावर खूश असा माणूस यात कुठेच उरत नाही. एखाद्या परीक्षेत बरोबर उत्तर लिहिणाऱ्यालाही सगळ्या परीक्षकांनी मिळून नापास करावं, अशी ही अवस्था आहे. मी या वादात उघड उघड खात्याच्या बाजूचा आहे.

कारण वसंतातल्या पावसाचा स्वभावच तसा आहे. मोसमी पाऊस समुद्रावरून फौज घेऊन येतो, त्याची वर्दी आधी लागते. चैत्र-वैशाखातला पाऊस जागच्या जागी शिजतो. जमीन दिवसभर तापते, वरची हवा त्या मानाने गार असते, आणि बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून थोडी ओल आत शिरलेली असते. या दिवसांत हवामानाच्या नकाशावर बहुधा एक द्रोणीय रेषा काढलेली असते, विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटक करत थेट केरळपर्यंत. ही रेषा प्रत्यक्षात कुणी पाहिलेली नाही, पण एप्रिलमध्ये ती रोज सकाळी थोडी इकडे किंवा थोडी तिकडे सरकलेली असतेच. तिच्या दोन्ही बाजूंचे वेगवेगळ्या दिशांचे वारे एकमेकांना भिडतात, तापलेली हवा उसळते आणि दुपारी तीन-चारपर्यंत कुठेतरी दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. उंची एवढी, पण पसारा मोजक्या किलोमीटरांचा आणि आयुष्य तासाभराचं. म्हणून हडपसरला झाडं पडतात आणि कोथरूडला फोन करून विचारलं तर तिकडचे म्हणतात, ‘पाऊस? आमच्याकडे लख्ख ऊन आहे. तुम्ही नीट बघितलंत का?’ पुण्यात पावसाचीसुद्धा शहानिशा केली जाते.

असा ढग नेमका कुठे उगवेल हे फार तर दोन-तीन तास आधी सांगता येतं, तेही रडारवर तो दिसू लागल्यावर. तसा इशारा खातं देतंही: ‘येत्या तीन तासांत तुमच्या जिल्ह्यात…’ तो मोबाइलवर येतो तेव्हा आमच्या गच्चीवर पहिले चार थेंब पडलेले असतात आणि काकूंनी जिना गाठलेला असतो. इशाऱ्यांचे रंग सगळ्यांना पाठ झाले आहेत. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे कृती करा. गच्चीवर त्याचं भाषांतर झालेलं आहे. यलो: प्लॅस्टिकचा कागद जवळ ठेवा. ऑरेंज: सगळ्या चादरी जिन्याच्या तोंडाशी ओढून घ्या. रेड: सुनेला ऑफिसातून बोलवा. मागे एकदा चार दिवस नुसताच यलो होता आणि पाऊस काही आला नाही, तेव्हा काकू जरा नाराजच होत्या. एवढं जागून काही घडलं नाही म्हणजे काय?

तापमानाचं प्रकरण आणखी नाजूक आहे, कारण तिथे जिल्ह्याचा अभिमान गुंततो. पावसाचा आकडा कुणी मिरवत नाही, पण उन्हाचा मिरवतात. एप्रिल उजाडला की नातेवाइकांच्या ग्रुपवर मोबाइलचे स्क्रीनशॉट येऊ लागतात. अकोला ४२. लगेच चंद्रपूर ४३. मग जळगावचे मामा ‘फील्स लाइक ४६’ टाकतात, आणि ते नियमात बसत नाही असं कुणीतरी म्हणतं. मुंबईच्या आत्याने ३६ टाकून वर रडकी तोंडं चिकटवली, त्या दिवशी नागपूरच्या भाऊजींचा आवाजी संदेश आला: ‘छत्तीस? एवढं तं आमच्याकडे सकाळी दहालेच राहते. तुम्ही लोकं काय पंखे बंद करून बसले का?’

मुंबईकरांच्या बाजूने बोलायला कुणी नसतं, म्हणून सांगतो. मुंबईचा उन्हाळा समुद्रावरच्या वाऱ्याच्या हातात आहे. शाळेत सगळ्यांनी खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक पाठ केला आणि परीक्षेनंतर सोडून दिला. मुंबईत तो रोज उपयोगी पडतो. खारा वारा सकाळी वेळेवर सुरू झाला तर पारा तेहतीसवर थांबतो. त्याला उशीर झाला, दुपारपर्यंत जमिनीवरून पूर्वेचाच वारा वाहत राहिला, तर पारा चाळिशीकडे धावतो. १४ एप्रिल १९५२ रोजी सांताक्रूझला ४२.२ अंशांची नोंद झाली होती. तेव्हा ग्रुप नव्हते, नाहीतर नागपूरकरांनी त्या दिवशी तरी मुंबईकरांना घरातलं मानलं असतं. मुंबईत तापमानंही दोन असतात, कुलाब्याचं वेगळं आणि सांताक्रूझचं वेगळं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ची, त्यामुळे ती तशीही जरा थंडच असते. उपनगरातला माणूस कुलाब्याचा आकडा वाचून फक्त हसतो.

आणि हे आकडे कुठून येतात? वेधशाळेच्या आवारात, मोकळ्या जागी, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर एक पांढरी लाकडी पेटी असते. चारी बाजूंनी झडपा, आत तापमापक, ऊन आत येणार नाही आणि हवा मात्र खेळेल अशी रचना. तिला स्टीव्हन्सनची पेटी म्हणतात. दीपगृहं बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सनने ती बनवली, ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे हे वडील. म्हणजे पेपरात छापलेला आकडा हा पांढऱ्या पेटीतल्या सावलीचा असतो. उन्हात लावलेल्या दुचाकीच्या सीटचा नसतो, पत्र्याच्या शाळेचा नसतो, आणि सर्वांत वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराचा तर नसतोच नसतो. तिथे पोळ्या करणाऱ्या बाईला विचारलं तर ती जो आकडा सांगेल, तो खात्याच्या नोंदवहीत मावायचा नाही.

उष्णतेच्या लाटेचे नियम वाचल्यावर मात्र नागपूरच्या भाऊजींविषयी मला खरोखर वाईट वाटलं. सपाट प्रदेशात पारा किमान चाळीसवर हवा आणि शिवाय तो नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी चढलेला हवा, तर ती लाट. किनाऱ्यावर सदतीस पुरतात, डोंगरात तीस. (पंचेचाळीसच्या पुढे गेल्यावर सरासरी कुणी विचारत नाही, तिथे लाटच.) आता नागपूरची एप्रिलअखेरची सरासरीच चाळिशीच्या वर. भाऊजी त्रेचाळीस अंशांत भाजत असतात, पण कागदोपत्री ते ‘सर्वसाधारण’ असतात. आणि मुंबईची आत्या अडतीसला अधिकृत लाटेत सापडते, टीव्हीवर तिच्यासाठी ताक पिण्याचा सल्ला येतो. हा अन्याय मी भाऊजींना समजावून सांगितला. ते म्हणाले, ‘आमाले सवय हाये,’ आणि कुलरच्या टाकीत पाणी भरायला उठले.

पुणेकर या स्पर्धेत उतरत नाहीत. पुण्याचा दावा मुळात वेगळा असतो: आमच्याकडे पूर्वी उन्हाळाच नव्हता. पूर्वी म्हणजे कधी, हे सांगणाऱ्याच्या वयावर अवलंबून. पण शिवाजीनगरच्या वेधशाळेची इमारत या दाव्याला एक चमत्कारिक आधार देते. हवामान खात्याची स्थापना १८७५ची. मुख्यालय आधी कलकत्त्याला, मग शिमल्याला, आणि १९२८ साली तिथून पुण्याला आलं. १९४४ मध्ये ते दिल्लीला गेलं, तरी पुणेकरांच्या तोंडी त्या जागेचं नाव ‘शिमला ऑफिस’च राहिलं. त्यामुळे भर एप्रिलमध्ये, भर दुपारी, घामाने निथळणारा माणूस रिक्षाला हात करून ‘शिमला ऑफिस’ म्हणतो आणि रिक्षावालाही न हसता ‘मीटरवर पन्नास जास्त’ म्हणतो.

खात्याचा अंदाज अपुरा वाटतो म्हणून इतर अंदाजांचाही बाजार भरलेला असतो. दर मार्चअखेरीस एक संदेश न चुकता फिरतो: विषुवदिनामुळे पुढचे पाच दिवस सूर्य थेट डोक्यावर येणार, पारा अचानक चढणार, सर्वांनी भरपूर पाणी प्यावं. विषुवदिन दरवर्षी येतो आणि त्याने कुणाचा पारा अचानक चढत नाही, हे सांगून उपयोग नसतो, कारण संदेशातला पाणी पिण्याचा सल्ला चांगला असतो आणि ते पाठवणारे आपले निवृत्त साहेब असतात. वृत्तवाहिन्यांवर ‘पुढचे ४८ तास महत्त्वाचे’ असतात. आजवर एकही ४८ तास बिनमहत्त्वाचे जाहीर झालेले नाहीत. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस, कावळ्याचं घरटं उंच असलं की पाऊस कमी, टिटवीने अंडी कुठे घातली… या जुन्या जाणकारांचा एक फायदा आहे. कावळ्याला कुणी जाब विचारायला जात नाही.

शेतात मात्र हा कागद कुणी गंमत म्हणून हातात धरत नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला निघतो. राहुरी, परभणी, अकोला, दापोली इथल्या विद्यापीठांतली माणसं तो लिहितात. काढणी केलेला गहू-हरभरा झाकून ठेवा, फवारणी पुढे ढकला, विजा चमकत असताना झाडाखाली थांबू नका. तासगावकडे द्राक्षांचे घड द्रावणात बुडवून शेडच्या जाळ्यांवर पसरले की बेदाणा व्हायला दोन आठवडे लागतात. त्यात एक पाऊस झाला की माल काळा पडतो आणि भाव अर्ध्यावर येतो. कोकणात ढगाळ हवेने तुडतुडे आणि करपा, कडक उन्हाने फळगळ. २०१४च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्रावर जी गारपीट झाली, तिने उभी ज्वारी, गहू, द्राक्ष, डाळिंब सगळं झोपवलं. जनावरं गेली, माणसंही गेली. ज्यांनी ती पाहिली त्या गावांत ‘तुरळक’ ऐकल्यावर कुणी हसत नाही. उठून ताडपत्री शोधतात.

शहरात आपण ताडपत्रीऐवजी लॉन्स शोधतो. चैत्र-वैशाखात लग्नं, आणि लग्न उघड्यावर, संध्याकाळच्या गोरज मुहूर्तावर. म्हणजे वळवाच्या ढगाची जी वेळ, नेमकी तीच. आमच्या काकूंच्या पुतणीचं लग्न अशाच एका लॉन्सवर ठरलं. पौरोहित्य आमच्याच गुरुजींचं. हे गुरुजी दर पाडव्याला इमारतीत पंचांगवाचन करतात. यंदा मेघनिवास कुठे, माळ्याच्या घरी की कुंभाराच्या, मृगाचं वाहन कोल्हा की म्हैस, आर्द्रेचं बेडूक की उंदीर, हे सगळं ते इतक्या ठामपणे सांगतात की ऐकणाऱ्याला छत्री कधी काढायची त्याची तारीखच लिहून घ्यावीशी वाटते. खात्याबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही. ‘त्यांचं सगळं शक्यतेवर हो,’ असं ते म्हणतात.

लग्नाच्या दिवशी यलो अलर्ट होता. सहा वाजता पूर्वेकडे आभाळ काळवंडू लागलं, मंडपाची झालर फडफडली, केटररच्या पोरांनी पुऱ्यांच्या परातीवर दुसरी परात उलटी घातली. मुलीचे वडील घाबरून गुरुजींकडे आले आणि म्हणाले, ‘गुरुजी, मुहूर्त थोडा अलीकडे घेता येईल का? तुमच्या पंचांगात काय म्हटलंय पावसाचं?’

गुरुजींनी उपरण्याखालून मोबाइल काढला. रडारचं चित्र उघडलं, दोन बोटांनी मोठं केलं, एकदा आभाळाकडे आणि एकदा पडद्याकडे पाहिलं.

‘ढग सासवडकडून निघालाय, दिवेघाट ओलांडला की संपलं,’ ते म्हणाले. ‘मुहूर्त हलवायचा नाही. मंगलाष्टका आठाऐवजी चारच म्हणू. आणि अंतरपाट धरणाऱ्यांना सांगा, कापड घट्ट धरा, ताशी तीस-चाळीसचा वारा आहे.’